‘मुलांशी खेळत बसू नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला एकेक मुद्दा घेऊन उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज परत परत येतो, तुम्हीही वाचला असेल. शब्द थोडे इकडेतिकडे असतात पण सांगणं एकच, की आईवडिलांनी मुलांशी खेळत बसू नये. आधीच्या पिढीत कोण खेळायचं, तरी मुलं वाढलीच ना. खेळलं की धाक जातो, मूल डोक्यावर बसतं. सतत सोबत खेळल्याने त्याला एकट्याने खेळताच येत नाही. खेळायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ काढून खेळा, रोजच्या पाच-दहा मिनिटांनी काय होणार. त्यापेक्षा चांगली एज्युकेशनल खेळणी आणून द्या. आणि शाळा नीट सुरू झाली की खेळाचा विषय संपला.

दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे वाचून हायसं वाटतं हे मला कळतं, आणि म्हणूनच उत्तर नीट द्यावंसं वाटतंय, कारण यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि त्या अर्ध्या खऱ्या गोष्टींच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातंय.

आधी आधीच्या पिढीचं बघू. इथे मेसेज पूर्ण चुकीचा नाहीये. डेव्हिड लॅन्सी नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2007 साली यावर सविस्तर लिहिलंय की आईने जमिनीवर बसून मुलाशी खेळणं हे जगभर सगळ्या समाजांत आढळत नाही, कित्येक ठिकाणी मोठी माणसं मुलांशी खेळतच नाहीत आणि तिथली मुलंही मोठी होतात, शहाणी होतात. हे मान्य करायलाच हवं. पण त्या मुलांचा दिवस कसा जायचा ते मेसेजवाले सांगत नाहीत. ती मुलं दिवसभर मोठ्यांच्या कामात लुडबुड करत असायची, लहान-मोठ्या वयाच्या पोरांचा घोळका सोबत असायचा, भावंडं, चुलत भावंडं, शेजारची मुलं, म्हणजे आईबाप खेळले नाहीत तरी खेळायला माणसं होती आणि आईबाप नजरेसमोर होते. आता घरात एक किंवा दोन मुलं, मोठी माणसं दिवसभर बाहेर, आणि घरी आली की प्रत्येकाच्या हातात फोन. ती बाकीची सगळी माणसं मुलाच्या आयुष्यातून कमी झाली आणि आपण फक्त ‘आईबाप खेळत नव्हते’ एवढंच जुन्यातलं उचलणार असू तर मुलाच्या वाट्याला उरतं काय?

आता धाक. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण बऱ्याच बाबालोकांना मनातून खेळायचं असतं पण याच भीतीने ते लांब राहतात.

लहान मुलांच्या वागणुकीच्या त्रासावर, म्हणजे मारणं, फेकाफेक, काही केल्या न ऐकणं, यावर एक उपचारपद्धती आहे, पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी. शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी ती 1970 च्या दशकात सुरू केली, साधारण 2 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी, आणि तिच्यावर भरपूर संशोधन झालेलं आहे. तर जी मुलं खरंच डोक्यावर बसलेली आहेत त्यांच्यासाठीच्या या उपचाराची सुरुवात कशाने होते? खेळाने. पहिल्या टप्प्यात आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, थेरपिस्ट आरशाच्या काचेपलीकडून बघतो आणि पालकाच्या कानातल्या छोट्या यंत्रातून त्याला सांगत राहतो. या खेळात पालकाने हुकूम सोडायचा नाही, प्रश्नांचा भडिमार करायचा नाही, टीका करायची नाही, मूल जे करतंय त्याच्या मागे मागे जायचं. घरी याचा सराव रोज फक्त 5 मिनिटं. हे जमायला लागल्यावर मगच दुसरा टप्पा येतो, त्यात शिस्त असते, स्पष्ट सूचना द्यायची, ऐकलं नाही तर ठरलेला परिणाम न चिडता पाळायचा.

म्हणजे शिस्त आहेच, कोणी ती काढून टाकलेली नाही, पण खेळाच्या आधी नाही, नंतर. यामागचं कारण समजायला फार अवघड नाही. मुलाला दिवसभर आपण सांगत असतो, ऊठ, चल, आवर, हात धू, हे ठेव, ते नको, आणि यातलं बरचसं सांगावंच लागतं. पण दिवसात थोडा वेळ असा मिळाला की ज्यात ते सांगतं आणि मोठं माणूस ऐकतं, तर बाकीच्या वेळात ऐकायची त्याची तयारी वाढते. आपल्याशी खेळणारा माणूस रागावला तर मूल त्याचं जास्त ऐकतं, कारण त्या माणसाची नाराजी त्याला परवडत नाही. धाक तर अनोळखी माणसाचाही वाटतो, पण तो माणूस पाठमोरा झाला की संपतो.

अजून एक, मस्ती करताना, गादीवर कुस्ती खेळताना वगैरे, मूल नियम शिकतच असतं. ‘थांब’ म्हटलं की दोघांनी थांबायचं, तोंडावर मारायचं नाही, कोणी रडलं की खेळ बंद. हा नियम बाबाही पाळतो हे मूल बघतं ना, तेव्हा ‘नियम फक्त लहानांसाठी असतात’ हा समज जातो. गुदगुल्या करताना मूल ‘बस’ म्हणालं आणि आपण हसत हसत चालूच ठेवलं तर मात्र उलटं शिक्षण होतं, तेवढं प्लीज सांभाळा.

एकट्याने खेळता येत नाही हा पुढचा आरोप. इथे खेळणं आणि मुलाची करमणूक करणं यांची गल्लत झालीये आणि मला वाटतं पूर्ण मेसेजचं मूळ यातच आहे. मोठ्या माणसाने खेळ ठरवायचा, सामान मांडायचं, आता हे कर आता ते कर सांगायचं, मूल कंटाळलं की लगेच दुसरं काढायचं, असं रोज केलं तर मूल पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत बसणारच, आणि मोठं माणूस दमणार ते वेगळंच. त्याविरुद्ध मेसेज असता तर मी पण फॉरवर्ड केला असता. पण खेळाचा पुढाकार मुलाकडे असेल तर असं होत नाही. ते म्हणालं तू दुकानदार, की आपण दुकानदार. ते म्हणालं आता तू झाड, तर झाड, गप्प उभं राहायचं. मध्येच ते स्वतःच्या तंद्रीत गेलं की आपण मागे सरकायचं, आणि हे मागे सरकणं फार लोक विसरतात.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांचा बाळांवरचा प्रसिद्ध प्रयोग आहे, 1970 च्या आसपासचा, साधारण वर्ष-दीड वर्षाचं मूल, अनोळखी खोली, खेळणी आणि आई. आई खोलीत असते तेव्हा मूल पुढे जातं, खेळणी हाताळतं, मध्येच वळून आईकडे बघतं, परत खेळायला लागतं. आई बाहेर गेली की बहुतेक मुलांचं खेळणंच कमी होतं. सोबतीच्या माणसाची खात्री असलेलं मूल जास्त लांब जातं असं यातून दिसलं. तेव्हा मूल एकट्याने खेळावं असं वाटत असेल तर आधी थोडा वेळ मनापासून सोबत बसा आणि मग तिथेच बाजूला आपलं काम करत बसा. लगेच पहिल्या दिवशी जमेल असं नाही पण जमतं. आणि मुलाला कंटाळा आलेला चालतो, प्रत्येक वेळी धावून जायची गरज नाही.

पाच-दहा मिनिटांनी काय होणार याचं उत्तर वरच्या थेरपीत आलंच. पण एक गोष्ट सांगायचीये, रोजचा खेळ म्हणजे वेगळा वेळ काढून करायचा प्रोजेक्ट नाही, तो चालू कामात घुसवता येतो. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या कोण आधी शोधतं. जिना चढताना एक पायरी आवाज न करता, पुढची धप्पकन. आंघोळीला तांब्या म्हणजे जहाज. रांगेत उभं असताना मी मनात धरलेली वस्तू ओळख. झोपायच्या आधी आपण दोघं मिळून गोष्ट, एक वाक्य तू एक मी, आणि त्या गोष्टीत काहीही होऊ दे, हत्तीने विमान चालवलं तरी दुरुस्त करायचं नाही. यातल्या एकालाही सुट्टी लागत नाही, सामान लागत नाही. कामाला थोडा वेळ जास्त लागतो हे खरं, मोज्यांच्या जोड्या चुकतात पण.

फक्त त्या पाच मिनिटांत आपण तिथे असलं पाहिजे. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात केलेला प्रयोग बघा, आई आधी बाळाशी छान खेळते, मग सांगितल्याप्रमाणे चेहरा अगदी निर्विकार करते आणि काहीच प्रतिसाद देत नाही. काही महिन्यांचं बाळ, पण लगेच ओळखतं. हसून बघतं, आवाज काढतं, हातवारे करतं, आईला परत आणायचा सगळा प्रयत्न करतं आणि काहीच होत नाही म्हटल्यावर अस्वस्थ होतं, तोंड फिरवतं, रडतं. मग आई परत नेहमीसारखी होते आणि बाळ सावरतं. फोनमध्ये बघत ‘हो हो, छान’ म्हणणारा आपला चेहरा मुलाला कसा दिसत असेल याचा विचार मला तो प्रयोग वाचल्यापासून सारखा येतो. पण घाबरूनही जायला नको, कारण ट्रॉनिक यांनीच हेही दाखवलं की नेहमीच्या चांगल्या खेळातसुद्धा आई आणि बाळ बराच वेळ एकमेकांशी जुळलेले नसतात, सूर हुकतो, परत लागतो, आणि हे परत लागणंच मोलाचं असतं. तेव्हा मध्येच फोन वाजला, घ्यावा लागला, तर घ्या, संपवा आणि ‘हां, माझं जहाज कुठवर आलं’ म्हणून परत या.

खेळण्यांचा मुद्दा पटकन संपवते. 26 पालक-बाळांच्या जोड्यांवर झालेला एक छोटा अभ्यास आहे, अ‍ॅना सोसा यांचा, 2016 साली छापून आला. आवाज करणारी, दिवे लागणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना पालक बाळाशी कमी बोलले, पुस्तकं किंवा साधी खेळणी असताना जास्त. खेळणंच बोलायला लागलं की माणूस गप्प बसतो. दुसऱ्या एका अभ्यासात, 2018 चा, लहान मुलांना एकदा 4 खेळणी दिली आणि एकदा 16, तर चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. दोन्ही अभ्यास लहान आहेत, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत, पण ‘महागडं आणून द्या आणि बाजूला व्हा’ याला तरी त्यांचा आधार नाही.

आणि शाळेनंतर खेळ संपतो म्हणे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार आहे 1989 चा, त्यातल्या कलम 31 मध्ये विश्रांती आणि खेळाचा हक्क लिहिलाय आणि त्या करारात मूल म्हणजे 18 वर्षांखालचं प्रत्येकजण, त्यात आठवीतला मुलगाही आला. मोठ्या मुलांशी खेळ वेगळा होतो एवढंच. पत्ते, कॅरम, बॅडमिंटन, किंवा त्याचा व्हिडिओ गेम, जो तुम्हाला अजिबात येत नाही आणि तो तुम्हाला शिकवतो. समोर बसवून ‘शाळेत काय झालं’ विचारलं की ‘काही नाही’ एवढंच येतं, पण कॅरमच्या सोंगट्या लावता लावता मित्राशी झालेलं भांडण आपोआप बाहेर पडतं. तेव्हा लगेच उपदेश सुरू केला नाही तर पुढचंही सांगतात.

शेवटी ज्यांना खरंच होत नाही त्यांच्यासाठी, कारण तो मेसेज मुळात त्यांनाच आवडतो. तुम्हाला बाहुलीचं लग्न लावायला कंटाळा येत असेल तर ते तुम्हीच लावलं पाहिजे असं काही नाही. तुम्हाला चित्र काढायला आवडतं तर ते, चालायला आवडतं तर चालता चालता. बाहुली आजी-आजोबा घेतील, ताई-दादा घेतील. अगदीच अंगात त्राण नसेल त्या दिवशी आडवं पडून पेशंट व्हा आणि मुलाला डॉक्टर होऊ द्या, पाठ टेकायला मिळते आणि खेळही होतो.