कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च नव्हे!!

भाच्याचा आज एक मार्क गेला आणि संध्याकाळपासून डोकं माझं फिरलंय. इंग्लिशच्या पेपरात कॅथेड्रलचा अर्थ विचारलेला, पठ्ठ्याने लिहिलं 'बिशपची खुर्ची असते ते चर्च' (बिशप म्हणजे त्या भागातल्या चर्चांचा प्रमुख). त्यावर लाल फुली आणि बाजूला मॅडमच्या अक्षरात 'मोठं चर्च'. (त्याला मीच शिकवलेलं, म्हणजे फुली मलाच.)

सहावीत आमची सहल जुन्या गोव्याला गेलेली. सर म्हणाले हे से कॅथेड्रल, कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, चला पुढे. मी विचारलं, सर मग रस्त्यापलीकडचं बॉम जीझस पण केवढं मोठंय, ते का नाही? "जास्त शहाणपणा नको, रांगेत उभी राहा."

अहो पण प्रश्न बरोबर होता ना! ग्रीकमध्ये कथेद्रा म्हणजे बसायची जागा, इंग्लिशमधली चेअर पण त्यातूनच आलीय. बिशपची गादी जिथे, ते कॅथेड्रल. बॉम जीझसला बॅसिलिकाचा, म्हणजे पोपने दिलेल्या खास पदवीचा, मान आहे पण गादी समोर, विषय संपला. आपल्याला तर हे पटकन कळायला हवं, साताऱ्याची गादी म्हणतो तेव्हा कोणी कापूस मोजतं का? आणि गंमत म्हणजे 'से' हा शब्दही लॅटिनमधल्या बसायच्या जागेवरूनच आलाय, आपल्या सदन आणि संसदेतल्या सद् चा चुलतभाऊ. म्हणजे सरांच्या तोंडात उत्तर दोनदा होतं!

मुंबईतलंच घ्या, फोर्टातलं सेंट थॉमस. १७१८ ला उघडलं, चर्चगेटच्या नावातलं चर्च ते हेच. शंभरेक वर्षं नुसतं चर्च होतं, १८३७ ला मुंबईला पहिला अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचा) बिशप मिळाला आणि झालं कॅथेड्रल. खुर्ची आली म्हणून, बाकी काही नाही.

बरं, से कॅथेड्रल अवाढव्य आहे, मान्य. बरीचशी असतात.

आता टाइप करताना सरांचा चेहरा आठवतोय. डोक्यावर ऊन, पन्नास पोरं, एकीला बस लागलेली, एकाची चप्पल हरवलेली, त्यात माझा प्रश्न. त्यांना तरी कोणी सांगितलं असणार? पण आजच्या मॅडमच्या पर्समध्ये मोबाईल आहे की हो, दोन मिनिटं बघायला काय जातं!

शाळेत जाऊन बोलणार होते. भाचा म्हणाला, "मावशी नको ना, मग त्या माझ्यावर खुन्नस काढतील."

गप्प बसले. रविवारी चर्चगेटला उतरून त्याला चालत नेतेय, खुर्ची दाखवायला.