दाते आखूड दिसले म्हणजे चेनरिंग बाद?

सायकलवाल्यांमध्ये एक फोटो फिरतो आहे. चेनरिंगच्या, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चक्राच्या, काही दात्यांभोवती लाल वर्तुळं आणि खाली मजकूर: ‘दाते आखूड, टोकदार किंवा एकमेकांपेक्षा वेगळे दिसले की चेनरिंग संपली. पुढून चेन ओढा, दात्यांवरून उचलली गेली तर खात्रीच. चेन बदलाल तेव्हा चेनरिंगही बदला.’

वर्तुळातले ते आखूड दाते कारखान्यातूनच तसे आलेले आहेत. दोन-तीन चेनरिंगच्या सायकलींत गिअर बदलताना चेन एका रिंगवरून दुसरीवर चढावी-उतरावी म्हणून ठरावीक जागी दाते मुद्दाम बुटके किंवा तिरपे कापतात. त्याच भागात आतल्या अंगाला छोट्या पिना आणि खाचाही दिसतील. एकेरी चेनरिंगमध्ये तर एक दाता जाड, एक बारीक अशी रचना असते. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्सवन या गिअरसंचाबरोबर ती आणली. जाड दाता चेनच्या बाहेरच्या, रुंद कडीत बसतो, बारीक दाता आतल्या, अरुंद कडीत, म्हणून चेन सहसा उडत नाही. असमानपणालाच झीज म्हणायचं तर ही रिंग खोक्यातच बाद!

खरी झीज एकांगी असते. चेनरिंग चेनला ओढते, त्यामुळे जोर येतो तो दात्याच्या फिरण्याच्या दिशेकडच्या बाजूवर. तीच बाजू पोखरली जाते, खळगा रुंदावतो आणि दाता शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा पुढे झुकलेला दिसू लागतो. मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांवर हेच उलट घडतं, तिथे चेन दात्याला ओढते. शिवाय क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवी असताना पायाचा जोर सर्वाधिक असतो, म्हणून चेनरिंगवर समोरासमोरचे दोन पट्टे बाकीच्यांपेक्षा आधी झिजतात. तपासायचं तर तिथे पाहा.

चेन ओढून पाहायची युक्ती अर्धवट सांगितली जाते. चेन जुनी असेल तर उचलली जाणारच, कारण झिजलेली असते ती चेन. ‘ताणली’ म्हणतो आपण, पण कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतीचा धातू घासून प्रत्येक सांधा जरा सैल होतो. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर, म्हणजे २४ कड्यांचे ३०४.८. हे २४ कड्यांचं अंतर दीड मिलिमीटरने वाढलं की अर्धा टक्का झीज झाली. ११-१२ गिअरांची चेन इथेच बदलतात. हीच ओढाताण नवी चेन चढवून करा. तरीही दात्याचा बराच भाग उघडा पडला, तर दोष चेनरिंगचा.

राहिला सगळं एकदम बदलण्याचा सल्ला. चेन वेळेवर बदलली तर एक चेनरिंग अनेक चेन पाहते. ५० दात्यांच्या रिंगवर साधारण अर्धे दाते एकाच वेळी चेनमध्ये असतात; मागच्या ११ दात्यांच्या चक्रावर जेमतेम पाच-सहा. म्हणून नवी चेन जोर लावल्यावर घसरली तर बहुतेक वेळा गुन्हेगार मागे, छोट्या चक्रांत सापडतो. पुढच्या रिंगची तक्रार निराळी: आकड्यासारखे झालेले दाते खालच्या बाजूला चेन सोडत नाहीत, ती वर ओढली जाऊन फ्रेमशी अडकते. तसं होत असेल तर मात्र रिंग बदला. आणि बिनगिअरची सायकल असेल, रिंग सपाट असेल, तर आधी ती उलटी बसवून बघा. दात्यांची न झिजलेली बाजू कामाला येते.