राव यांचा मसुदा आणि त्यानंतरची दोन वर्षं

तुमची कॉमेंट नीट वाचली. म्हणणं असं की घटना खरी लिहिली ती घटनासभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी, मसुदा समितीने नुसता हात फिरवला, आणि मुळात सगळं इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याची कॉपीच.

राव मोठा माणूस, त्यात वादच नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये २४३ कलमांचा मसुदा तयार करून दिला त्यांनी. आणि हे कुणी दाबून ठेवलंय असंही नाही, २५ नोव्हेंबर १९४९ ला खुद्द मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबांनी घटनासभेच्या भर सभागृहात राव यांना आणि मसुदा लिहिणारे अधिकारी एस. एन. मुखर्जींना श्रेय दिलंय. पण राव सल्लागार होते हो, सभासद नाही! उभं राहून एकेक कलम लढवणं त्यांच्या हातातच नव्हतं. २४३ ची ३९५ काय आपोआप झाली?

कलम २१ चंच बघा, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. राव अमेरिकेत गेले, तिथल्या सुप्रीम कोर्टाचे जज फ्रँकफर्टर त्यांना म्हणाले ‘ड्यू प्रोसेस’च्या (कायदा न्याय्य आहे का हे कोर्टाने तपासायचं) भानगडीत पडू नका, जज लोक कायदे उडवत बसतील. राव यांना पटलं, समितीनेही ते शब्द काढले आणि ‘कायद्याने ठरवून दिलेली पद्धत’ एवढंच ठेवलं. डिसेंबर १९४८ मध्ये त्यावरून सभागृह तापलं, म्हणजे सरकारने कायदा केला की कुणालाही आत टाकायला मोकळं? बाबासाहेबांनी दोन्ही बाजू सांगून निर्णय सभागृहावर सोडला, कलम तसंच पास झालं. पण विषय तिथं संपला नाही, सप्टेंबर १९४९ मध्ये ते १५-ए घेऊन आले, म्हणजे आजचं कलम २२. अटक का केली ते सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. त्यातच विनाचौकशी स्थानबद्धतेचीही सोय होती (मला ती आजही खटकते) आणि त्यावरून त्यांना भरपूर ऐकून घ्यावं लागलं. याला हात फिरवणं म्हणायचं का?

समितीचंही ऐका. समितीतलेच एक सभासद टी. टी. कृष्णम्माचारींनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सांगूनच टाकलं की एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, बाकीचेही कुठे कुठे अडकलेले, बोजा शेवटी डॉ. आंबेडकरांवरच आला.

राहिलं १९३५. उसनं घेण्यात लाज कसली, हे बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ लाच बोलून गेलेत, आणि कारभाराचा बराच तपशील तिथूनच आला हे त्यांनी कबूलही केलं. फक्त त्या कायद्यात मूलभूत हक्कांचं प्रकरण नव्हतं आणि सरसकट सगळ्यांना मताचा अधिकारही नव्हता. मग ही कॉपी नेमकी कुणाच्या वहीतून केली तेवढं पुढच्या कॉमेंटमध्ये सांगा.