टायमिंग गेलंय म्हणतात

आमची बाग देवगडात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत जो जांभ्याचा उभा उतार आहे त्यावरून आंब्याचे क्रेट डोक्यावर घेऊन उतरायला आता गडी मिळत नाहीत, म्हणून एक सेकंडहँड एटीव्ही, म्हणजे चार जाड टायरांची मोटरसायकल, घेतली, वाडीत तिला सगळे फटफटा म्हणतात. एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन, म्हणजे बिघडून बिघडून बिघडणार किती, असं मला वाटायचं. तर ऐन मे महिन्यात, हापूस झाडावर थांबायला तयार नसताना, तिने चढ बघितला की दम टाकायला सुरुवात केली. सायलेन्सरमधून फाट, कार्बोरेटरमधून फूस, आणि किक मारली तर उलटी अशी येते की पोटरी दिवसभर आठवण काढते.

मग सल्लागार जमले. शेजारचे म्हणाले, "पेट्रोलात पाणी गेला आसतला." एकाने प्लग बदलायला सांगितला, तो बदलला, आता नव्या प्लगने फाट व्हायला लागलं. बाबांचं म्हणणं, "आधी राखणदाराक नारळ ठेव, मगे पाने घी हातात." ठेवला. राखणदाराने बहुतेक फोर स्ट्रोकचं काम घेतलेलं नाही.

पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता. त्याने जुन्या प्लगचं पोट पोखरून त्यात ट्यूबचा व्हॉल्व बसवून ठेवलेला, तो प्लगच्या जागी आवळून आत हवा सोडायची आणि कान लावायचा, हा अगदी देवळातला कौल. कार्बोरेटरातून हवा आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरातून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रिंगांचा कौल आला की सरळ खिशावर हात. आमचा सायलेन्सरला सुटला. झडप नीट बसत नव्हती, कारण टॅपेट, म्हणजे झडप दाबून उघडणारा तुकडा, टाइट, मध्ये फटच नाही. आणि मी इतके दिवस पाहुण्यांना कौतुकाने सांगत होतो की आमचं इंजिन बघा कसं गुपचूप चालतं! टाइट टॅपेट वाजतच नाहीत हो. एक गोष्ट मात्र तेव्हा विचित्र वाटली, टी मार्कला, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची जी खूण असते तिला, पिस्टन उभा केला तरी हवा सोडली की तो खाली पळायचा, शेवटी गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक धरून बसावं लागलं. पंक्चरवाला म्हणाला, होता कधीकधी.

फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून टॅपेटला फट ठेवली, अशा छोट्या इंजिनांना ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटर एवढीच लागते. हवा गळायची थांबली. फाट थांबलं नाही.

मग तालुक्याहून मेकॅनिक आणला. त्याने मॅग्नेटवरचा, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या चाकावरचा, टी खुणेला लावला, वर कॅमच्या, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, चक्रीवरचा टिंब बघितला, तो थोडा सरकलेला. "चेन एक दात उडाली," असं म्हणून त्याने चेन एक दात फिरवून टिंब जुळवला आणि पैसे घेतले. एक दात म्हणजे थोडं वाटतं, पण चक्रीला समजा ३० दात धरले तर कॅमचे १२ अंश होतात, आणि कॅमच्या एका फेरीत क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो खालचा दांडा, दोन फेऱ्या मारतो, म्हणजे खाली पिस्टनच्या हिशोबाने २४. गाडी आता चालूच होईना. खुणा मात्र सगळ्या कशा जागच्या जागी!

शेवटी बंदरावर होड्यांची इंजिनं करणारे एक काका आले. त्यांनी पाना मागितला नाही, खराटा मागितला. आईच्या हातातून नवाकोरा खराटा घेतला, त्यातला एक जाड हीर उपसला ("माझो नवो खराटो!" हे पुढे बराच वेळ चालू होतं), प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवला आणि मला म्हणाले फिरव, हळू. हीर वर आला, आला, थबकला, खाली जायला लागला. मॅग्नेटवर बघतो तर टी खूण ओलांडून कधीचाच पुढे गेलेला.

"टी खोटा बोलता. खुणो बघूक नको, पिस्टन खंय आसा ता बघ."

मॅग्नेट काढला. नट आधीपासूनच ढिला, आणि मॅग्नेट ज्या अर्धचंद्राच्या आकाराच्या बारक्या चावीने क्रँकवर बसतो ती कातरलेली. मॅग्नेट सरकला, तसा ठिणगीचा वेळ सरकला, टी पण सरकला, आणि त्या सरकलेल्या टीला खरं मानून साहेबांनी चांगली बसलेली चेन उठवून ठेवलेली. चावी म्हणाल तर दोन चहाच्या पैशात येते. काकांनी ती बदलली, नट दणकून आवळला, चेन परत होती तिथे बसवली. पहिल्या किकला चालू, आणि उलटी नाही.

आता फट बरोबर असल्यामुळे इंजिन थंड असताना बारीक टिकटिक करतं. सकाळी सड्यावर जाताना वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबवतो आणि चेहरा गंभीर करून सांगतो, "टॅपेट वाजतत रे, बघून घी."