आमच्या आईंचा इंटरव्ह्यू आणि काकांचं इंग्रजी

परवा न्यू जर्सीत एडिसनला एकांकडे आरतीनंतर पानं वाढली आणि एक काका सुरू झाले, नेहमीचंच, "हे बॉर्डर ओलांडून आलेले लोक बघ, वीस-वीस वर्षं राहतात आणि धड इंग्रजी येत नाही, ह्यांना मिसळायचंच नसतं." मी गप्प बसले, तोंडात मोदक होता. पण घरी येईपर्यंत डोकं फिरलेलं, कारण २०२३ मध्ये आमच्या सासूबाईंच्या सिटिझनशिप इंटरव्ह्यूला दुभाषी म्हणून नेवार्कला आलेले ते हेच काका!

आई तेव्हा शहात्तर वर्षांच्या, ग्रीनकार्डला वीस वर्षं झालेली. पासष्टच्या पुढे वय आणि वीस वर्षं ग्रीनकार्ड असेल तर इंग्रजी माफ, तेव्हाच्या शंभरऐवजी वीसच प्रश्न पाठ करायचे, आणि उत्तरं आपल्या भाषेत द्यायची. चांगला नियम आहे, मला तो आवडतो. ओक ट्री रोडवर भाजीपासून सोनारापर्यंत सगळं मराठी-गुजराती-हिंदीत भागतं, आईंना इंग्रजी लागणार कुठे? ऑफिसरने विचारलं, लिंकनने काय केलं. आई साताऱ्याच्या रिटायर्ड शिक्षिका, म्हणाल्या गुलामगिरी संपवली, आणि वर सांगत बसल्या की म्हणून तर जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. काकांनी पुढचं काही सांगितलंच नाही ऑफिसरला. आई अजून रागावलेल्या आहेत.

काकांचं दुसरं पालुपद म्हणजे "आम्ही लाइनीत उभं राहून आलो." अहो पण ती लाइन सुरू कधी झाली? १९२३ ला सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंदला, जो अमेरिकन आर्मीत नोकरी करून आलेला, सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. १९४६ ला दार किलकिलं केलं ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. खरं दार उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो आला सिव्हिल राइट्सच्या काळात, जेव्हा दक्षिणेतले काळे लोक मतदानासाठी पोलिसांचा मार खात होते. काका आले ७९ ला, आयत्या बिळावर!

आणि आताची लाइन बघा. नोकरीवरची ग्रीनकार्डं वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, एका देशाला त्यातली सात टक्के, मग भारत असो की आइसलँड. आमच्या शेजारचे लोक सोळा वर्षं एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत. मुलगी चार वर्षांची असताना आली, किंडरगार्टनपासून रोज सकाळी छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणत मोठी झाली, मराठी बोलते ती पण अमेरिकन हेल काढून. अजून कुठे मिसळायचं तिने? पुढच्या मार्चमध्ये एकवीसची होतेय, की आईबापाच्या व्हिसावरून नाव गेलं.

आईंचे ते वीस प्रश्न पाठ करून घेतले ते हिनेच, शाळेतून आली की आमच्या किचनमध्ये बसायची, हातात कार्डं आणि समोर पोह्यांची बशी. काल तिच्या आईचा मेसेज आला, स्टुडंट व्हिसासाठी चांगला वकील माहितीये का कोणी.

कोणाला माहीत असेल तर मला इनबॉक्स करा.