‘थॉर: लव्ह अँड थंडर’ने जेनच्या मरणाची किंमत ठेवली नाही

आज दुपारी मावसबहिणीच्या घरी तिच्या मुलासोबत ‘थॉर: लव्ह अँड थंडर’ हा मार्व्हलचा सुपरहिरोपट पुन्हा पाहिला. मी नाराजी बोलून दाखवताच घरातल्याच एकाने ऐकवले, “कॉमेडी आहे, डोकं बाजूला ठेवून बघायचं असतं.” हे वाक्य मला सहन होत नाही. आपण ज्या नाटकांवर वाढलो, त्यांनी पहिल्या दोन अंकांत पोट धरून हसवले आणि तिसऱ्या अंकात त्याच माणसांसाठी डोळ्यांना रुमाल लावायला लावला. त्यासाठी कोणी आपल्याला डोके बाजूला ठेवायला सांगितले नव्हते. विनोदी म्हणजे उथळ, हे आपण कधीपासून मान्य करून बसलो?

2022 मध्ये आलेल्या या चित्रपटाच्या हाती काय नव्हते! जेन फॉस्टर ही शास्त्रज्ञ, मेघगर्जनेचा देव असलेल्या थॉरची जुनी प्रेयसी, तिला चौथ्या टप्प्यातला कर्करोग. थॉरचा मोडलेला हातोडा तिला जवळ करतो, तिला देवत्व देतो आणि त्याच वेळी तिच्या देहातले उरलेसुरले बळ शोषून घेतो. जेसन आरनच्या ज्या कॉमिक्समधून हे घेतले, तिथे तर ही गोष्ट आणखी क्रूर आहे: जेन प्रत्येक वेळी थॉर झाली की हातोड्याची जादू तिच्या शरीरातले केमोचे औषधही विष समजून धुऊन काढते. म्हणजे दुसऱ्याचा जीव वाचवायला निघाले की स्वतःचे उपचार वाया. चित्रपटात याचे दोन-चार संवाद झाले आणि विषय संपला.

माझ्या मावशीच्या केमोला मी सोबत जात असे, म्हणून हे मला जास्त लागते हे खरे आहे. एकदा तिच्या हाताची शीर काही केल्या सापडेना आणि तरुण सिस्टर अगदी रडवेली झाली. मावशी तिला म्हणाली, “अगं, माझ्या सासूबाईंनाही माझ्यात कधी काही सापडलं नाही, तू कशाला वाईट वाटून घेतेस?” सिस्टर हसली, शेजारच्या खुर्चीतले आजोबा हसले, मीही हसलो. त्यानंतर सुई आत गेली तेव्हा मावशीने माझी दोन बोटे इतकी घट्ट धरली की नखे रुतली. तिच्या विनोदाने दुखणे खोटे ठरले नव्हते.

जेन शेजारच्या रुग्णाला पुस्तकाचे पान फाडून अंतराळातला बोगदा समजावते, तो प्रसंग चांगला आहे, एवढे मान्य करतो. पण त्यानंतर तिच्या आजाराजवळ कॅमेरा थांबायलाच तयार नाही. गळ्याशी आवंढा आला रे आला की कोणीतरी टाळीचे वाक्य फेकते, थॉरची नवी कुऱ्हाड जुन्या हातोड्याचा मत्सर करते, नाहीतर थॉरला भेट मिळालेले ते दोन बोकड किंचाळतात. थॉर मुळात ज्या उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणकथांतला, तिथे तो हे बोकड कापून खातो, त्यांची हाडे कातड्यावर ठेवतो आणि हातोड्याने त्यांना पुन्हा उठवतो. मरण आणि परत येणे हाच ज्या कथेचा गाभा, तिच्यात हे बोकड आयते मिळाले होते, आणि लेखकांना त्यांच्यात फक्त किंकाळी दिसली! पहिल्यांदा हसू येते, पुढे राग येतो.

दिग्दर्शक तायका वायटीटीला हे जमत नाही असे म्हणावे, तर तेही नाही. ‘जोजो रॅबिट’मध्ये त्याच माणसाने आपल्याला हसवत हसवत एका लहान मुलासमोर त्याच्या फाशी दिलेल्या आईचे बूट आणून ठेवले आणि मग एकही विनोद केला नाही. त्याचाच 2017 चा थॉरपट ‘रॅग्नारॉक’ही मला मनापासून आवडतो. म्हणूनच हा आळस माफ करावासा वाटत नाही.

जेन सोन्याच्या कणांत विरून गेली तेव्हा भाचा गप्प झाला. श्रेयनामावलीनंतर ती वल्हालाच्या, म्हणजे वीरांच्या स्वर्गाच्या, दारात हसत उभी दिसली आणि त्याने विचारले, “म्हणजे ती मेलीच नाही ना?” हा मावशीचा नातू. आजी गेली तेव्हा त्याला फारसे कळत नव्हते, आता कळू लागले आहे. त्याला मी काय उत्तर द्यायचे? वीरांना मरणानंतर वल्हाला मिळतो हे मूळ कथेतच आहे, ठाऊक आहे मला. पण आधी मरण मरणासारखे दाखवा, मग स्वर्ग दाखवा. मावशी असती तर तिने यावरही काहीतरी बोलून आम्हाला हसवले असते, आणि तरीही त्या पोराला खरे तेच सांगितले असते.

चित्रपटाचा खलनायक गोर, त्याची व्यथाही अशीच वाया घालवली. वाळवंटात मुलीचे प्रेत कुशीत घेतलेला बाप, त्याच्या तोंडावर हसणारा त्याचा देव, आणि ख्रिश्चन बेलचा तो चेहरा! पहिल्या पाच मिनिटांत वाटते की आज काहीतरी मोठे पाहायला मिळणार. शेवटी तो मुलीला परत मिळवतो, मरतो आणि ज्याच्याशी लढला त्या थॉरच्याच हाती तिला सोपवतो. बाप गमावलेली मुलगी आणि जेन गमावलेला थॉर एका छपराखाली राहायला येतात. त्या घरातली पहिली रात्र कशी गेली असेल, ती कोणाला हाक मारत उठली असेल, त्याने तिला काय सांगितले असेल, हे मला पाहायचे होते. चित्रपट तिथून सरळ उडी मारून नाश्त्याच्या गमतीवर जातो आणि दोघांना पुढच्या लढाईला पाठवून मोकळा होतो.