कुकर (भरलेला)

परवा संध्याकाळी मेट्रोच्या स्टेशनात माझा कुकर पकडला. कुठल्या स्टेशनात ते सांगत नाही. मला तिथूनच जावं लागतं आणि आता तिथे मला ओळखतात.

कुकर दुरुस्तीहून येत होता. नवं गॅस्केट, नवी शिट्टी. वाटेत सोललेले मटार दिसले, ते घेतले आणि पिशवीसकट कुकरात टाकून वर झाकण लावलं. भांडं रिकामं घरी न्यायचं नसतं, ही आमच्या आईची शिकवण. तिने मेट्रो पाहिली नव्हती.

पिशवी पट्ट्यावर ठेवली. ती आत गेली, पट्टा थांबला, थोडा मागे आला, पुन्हा पुढे गेला. त्या मशीनमध्ये धातू निळा दिसतो आणि खाण्यापिण्याच्या वस्तू नारिंगी. मी मान तिरकी करून पडद्यावर पाहिलं: एक निळं वर्तुळ आणि त्यात ठासून भरलेले नारिंगी दाणे. खरं सांगतो, क्षणभर मलाही धडकी भरली.

"काका, पिशवी तुमची?"

"हो."

"आत काय आहे?"

"कुकर."

"आणि कुकरच्या आत?"

"मटार."

"गोळ्या दिसतायत," तो पोरगा म्हणाला. विशी-बाविशीचा असेल. निळा गणवेश, कमरेला वॉकीटॉकी, चेहऱ्यावर नुकतीच लागलेली नोकरी. "झाकण उघडा."

आता आमचा कुकर आतल्या झाकणाचा. ते तिरकं करून, फिरवून, एका विशिष्ट कोनात बाहेर काढावं लागतं. त्यात गॅस्केट नवं, म्हणजे घट्ट. मी ओढलं, दाबलं, पोटाशी धरून पिळलं. झाकण ढिम्म. बॉम्ब नेणारा माणूस निदान आपलं सामान उघडायला शिकून आला असता, पण हा युक्तिवाद त्या वेळी तोंडातून न निघालेला बरा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक काकू पुढे आल्या. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, पायात स्पोर्ट्स शूज. "द्या इकडे," म्हणाल्या आणि मनगटाच्या एका झटक्यात झाकण बाहेर. सुरक्षारक्षक एक पाऊल मागे सरकला, काकू एक पाऊल पुढे. इथून पुढची तपासणी त्यांनीच केली.

"तीन लिटरचा ना? दोघंच असता वाटतं घरी." मी मान हलवली. "गॅस्केट केवढ्याला बसवलं?" मी आकडा सांगितला. काकूंनी त्या पोराकडे अशा नजरेने पाहिलं, की खरा गुन्हा इथे घडलाय. "लुटलं हो तुम्हाला! आणि ही शिट्टी या कुकरची नाहीच. हिला वाफ धरणार नाही. बघ रे बाळा."

बाळाने बघितलं.

"मटार कसे घेतले?"

"मॅडम, तुम्ही जरा बाजूला—"

"थांब रे. सोललेले कशाला घेतलेत? सोललेले म्हणजे पाण्यात भिजवून फुगवलेले." त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले. बॉम्बशोधक पथकाला श्वान लागतात म्हणतात, उगाच. "जून आहेत. उसळ करा, भातात घालू नका. सोड रे यांना, यात भात होतो फक्त."

"मॅडम, मला वरती विचारावं लागतं."

वरून साहेब आले. त्यांच्याबरोबर रजिस्टर आलं. माझं नाव, मोबाइल नंबर, कुठून, कुठे. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात साहेबांनी लिहिलं: कुकर (भरलेला).

"भरलेला नका हो लिहू," मी कळवळलो. "उद्या कुणी वाचलं तर?"

"रिकामा आहे का?"

"नाही, पण—"

"मग?"

काकूंनी 'मटारसह' असा पर्याय सुचवला. साहेबांना तो सरकारी भाषेत बसेना. 'भरलेला' कायम राहिला, त्याखाली मी सही केली आणि शिट्टी वेगळी काढून खिशात ठेवायची, या अटीवर मला सोडण्यात आलं. शिट्टीने नेमका काय धोका होता, हे विचारायचं त्राण उरलं नव्हतं.

पण एक गोष्ट मी पाहिली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. हे सगळं चाललं होतं तेव्हा मशीनचा पट्टा चालूच होता. बॅगा जात होत्या, येत होत्या, आणि पडद्यासमोरची बाई आमच्या गॅस्केटच्या चर्चेत मान घालून बसली होती. धातू शोधणारी चौकट प्रत्येकाला पाहून किंचाळत होती, कुणी तिच्याकडे वळूनही पाहत नव्हतं. एका कुकरला चार माणसं, बाकीच्या गावाला राम राम.

कुकरवरचा हा राग जुना आहे, मान्य. 11 जुलै 2006 च्या मंगळवारी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये 11 मिनिटांत स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, पार मीरा रोडपर्यंत. 180 हून जास्त माणसं घरी पोचली नाहीत. स्फोटकं कुकरमध्ये भरली होती, असं तपास करणाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. खटल्यात 12 जण दोषी ठरले. मग जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे बॉम्ब कुणी ठेवले हे 19 वर्षांत नक्की होईना. कुकर तेवढा अजून संशयित.

यावर हसू येतं आणि लगेच जातं. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसएमटीत लोक मेले, तेव्हा वाचवायला कोण होतं? निवेदकाच्या केबिनमधून विष्णू झेंडे माइकवर लोकांना बाहेर पडायला सांगत राहिले. कितीतरी जीव त्या आवाजाने वाचले. स्टेशनाची रचना, कुठून आत येता येतं, कुठून सटकता येतं, हे त्या माणसाला पाठ होतं. आम्ही मात्र तेव्हापासून चौकटी विकत घेतो.

आणि लोकलला चौकट लावणार तरी कुठे? रोज लाखो माणसं ये-जा करतात. प्रत्येकाचा डबा उघडायचा म्हटलं तर सकाळी निघालेली कर्जत गाडी परवा पोचेल. मेट्रोत तपासता येतं म्हणून तपासतात. ज्याला थांबवता येतं त्याला थांबवायचं, हा आपल्याकडचा मूळ नियम. म्हणून पन्नाशीचा, पोट सुटलेला, पिशवीवाला माणूस कायम सापडतो. त्याला घाई असते, पण पळता येत नाही.

मेट्रोतून उतरून लोकलच्या स्टेशनात आलो. पुलावर एक चौकट उभी होती. माणसं तिच्या डावीकडून, उजवीकडून जात होती. मी हौसेने मधून गेलो. ती बोंबलली. शेजारी खुर्चीवर बसलेल्या पोलिसाने चहाचा घोट घेतला. मी पिशवी जरा उंच धरली, कुकर दिसावा म्हणून. अपमान झाल्यासारखं वाटलं. तिकडे अतिरेकी, इकडे कुणीच नाही.

गाडीत शिरलो, पिशवी रॅकवर टाकली आणि गर्दीने मला दाराकडून आत, आतून पलीकडे ढकलत नेलं. वर घोषणेतली बाई बजावत होती की बेवारस वस्तूला हात लावू नका. दोन स्टेशनं गेली असतील. रॅकखाली बसलेल्या एका माणसाने वर पाहिलं, पिशवीच्या तोंडातून डोकावणारं हँडल पाहिलं आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असा आवाज टाकला:

"हा कुकर कुणाचाय?"

डबा एकदम गप्प. पत्ते थांबले. एकाने कानातलं काढलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी दोन डोक्यांवरून हात वर केला.

"माझा."

त्याने मला नीट न्याहाळलं. आधी चेहरा, मग हात, मग पुन्हा चेहरा. ना सही मागितली, ना नंबर.

"खाली घ्या मग," तो म्हणाला, "डोक्यात पडेल कुणाच्या तरी."